‘इज सेड टू’ : म्हणणारा गेला कुठे?

मागील अंकात आम्ही इंग्रजीतल्या ‘पॅसिव्ह व्हॉइस’ची तोंडओळख करून दिली होती. साधी वाक्ये मुलांना जमू लागली, असे काही पालकांनी कळवले आहे. पण त्याबरोबर एकच अडचण तीन-चार पत्रांतून आली. ‘पीपल से दॅट ही इज ऑनेस्ट’ हे वाक्य पॅसिव्हमध्ये करा म्हटले की मुले अडखळतात. गाइडमध्ये दोन उत्तरे दिलेली असतात. एक, ‘इट इज सेड दॅट ही इज ऑनेस्ट’. दुसरे, ‘ही इज सेड टू बी ऑनेस्ट’. पहिले कसेबसे कळते. दुसऱ्यात ते ‘टू बी’ आले कुठून आणि ‘पीपल’ गेले कुठे, हे कोणी समजावून सांगत नाही. पाठ करा म्हणतात.

या महिन्याचे सदर त्या दुसऱ्या वाक्यासाठी. परीक्षेत त्याला गुण एक-दोनच असतील, पण हे वाक्य परीक्षेपेक्षा वर्तमानपत्रात कितीतरी जास्त भेटते. आणि तिथे ते आपल्या मोहल्ल्यातल्या, कधी आपल्या घरातल्या माणसाबद्दलही असू शकते. म्हणून या वेळी मुलांबरोबर अब्बा-अम्मींनीही वाचावे, अशी विनंती आहे.

कल्पना आपल्याला नवी नाही. ‘तो मोठा प्रामाणिक आहे म्हणे.’ या एका ‘म्हणे’त सगळे आले. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, उद्या खोटे निघाले तर मला विचारू नका. उर्दूत ‘कहते हैं’, ‘सुना है’. हैदराबादकडच्या दखनीत वाक्याच्या शेवटी ‘कते’ लावतात आणि मोकळे होतात. इंग्रजीत वाक्याच्या शेपटाला जोडायला असा सुटसुटीत शब्द नाही. तिथे हेच काम एका क्रियापदाला करावे लागते. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याचे नाव आधी, मग ‘इज’ किंवा ‘आर’, मग ‘सेड’, ‘बिलीव्ह्ड’, ‘रिपोर्टेड’ असे एखादे क्रियापद, आणि त्यानंतर ‘टू’ लावून खरी गोष्ट. साचा एवढाच आहे.

आता ‘टू’च्या पुढे काय लिहायचे, इथे मुलांचे गुण जातात. आमचा अनुभव असा की व्याकरणाच्या पुस्तकातले ‘परफेक्ट इन्फिनिटिव्ह’ हे नाव ऐकूनच मुले पुस्तक मिटतात. त्यापेक्षा मराठी वर्तमानपत्र उघडावे. आपल्या बातमीदारांनी या रचनेला नेमका जोड शोधून ठेवलेला आहे, ‘-ल्याचे’. ‘तो मुंबईत असल्याचे समजते.’ ‘त्याने पैसे घेतल्याचे सांगितले जाते.’ हे ‘असल्याचे’ आणि ‘घेतल्याचे’ म्हणजेच इंग्रजीतले ‘टू बी’ आणि ‘टू हॅव टेकन’.

घरातले उदाहरण घेऊ. मुलीसाठी स्थळ आले आहे आणि मध्यस्थी करणाऱ्या खाला सांगत आहेत, “आपा, मुलगा दुबईला आहे म्हणे, चांगल्या कंपनीत.” हेच इंग्रजीत चार तऱ्हांनी सांगता येईल. ‘द बॉय इज सेड टू वर्क इन दुबई’ म्हणजे तो दुबईत नोकरीला असल्याचे सांगतात, कायमची गोष्ट. ‘टू बी वर्किंग इन दुबई’ म्हणजे सध्या तिथे काम करत असल्याचे सांगतात. ‘टू हॅव बीन वर्किंग इन दुबई फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षांपासून करत असल्याचे. आणि ‘टू हॅव वर्क्ड इन दुबई’ म्हणजे तिथे काम केल्याचे. या शेवटच्या वाक्यात तो आता दुबईत आहे की गावी परत येऊन बसला आहे, हे आलेलेच नाही. मुलीच्या आईने इंग्रजी बायोडाटा वाचताना नजर ठेवायची ती या ‘हॅव’वर.

मुलांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की या वाक्यात दोन घड्याळे आहेत. पहिले घड्याळ ‘इज’ आणि ‘वॉज’मध्ये आहे, ते सांगते की लोक हे कधी म्हणतात, आज की तेव्हा. दुसरे घड्याळ ‘टू’च्या पुढे आहे, ते सांगते की गोष्ट त्या म्हणण्याच्या वेळची आहे की त्याआधी घडून गेलेली. ‘ही इज सेड टू बी रिच’, लोक आज म्हणतात की तो आज श्रीमंत आहे. ‘ही इज सेड टू हॅव बीन रिच’, लोक आज म्हणतात, पण श्रीमंती पूर्वीची. ‘ही वॉज सेड टू बी रिच’, लोक तेव्हा म्हणत आणि श्रीमंतीही तेव्हाचीच. ‘ही वॉज सेड टू हॅव बीन रिच’, म्हणणेही जुने आणि श्रीमंती त्याहून जुनी. कोकणातल्या पुष्कळ वाड्यांतल्या पडक्या चौसोपी घरांना हे शेवटचे वाक्य चपखल बसेल.

चुका ठरलेल्या आहेत. ‘टू’नंतर ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ कधीच येत नाही, नेहमी ‘हॅव’. ‘ही इज सेड दॅट ही इज ऑनेस्ट’ हे वाक्य निम्मे एका साच्यातले आणि निम्मे दुसऱ्या साच्यातले, म्हणून पूर्ण चूक. कर्ता अनेकवचनी झाला की ‘आर’ आले पाहिजे, ‘दे आर सेड टू बी ऑनेस्ट’.

काही वेळा एकाच वाक्यात पॅसिव्ह दोनदा येते आणि मुले गोंधळतात. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याविषयी इंग्रजीत लिहिताना बहुधा असे लिहितात की ‘द दर्गाह इज सेड टू हॅव बीन बिल्ट इन १४३१’. दर्गा बांधला गेला, हे एक पॅसिव्ह. असे सांगितले जाते, हे दुसरे. मराठीत ‘१४३१ साली बांधला गेल्याचे सांगितले जाते’. केरळातल्या कोडुंगल्लूरच्या चेरामन मशिदीबद्दलही तसेच, ‘इज बिलीव्ह्ड टू हॅव बीन बिल्ट इन ६२९’. परंपरा तसे सांगते, इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत, आणि इंग्रजी वाक्याने तो मतभेद ‘बिलीव्ह्ड’ या एका शब्दात सांभाळून ठेवला आहे. आपल्या मुलांच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तिकेत मात्र ‘६२९ साली बांधली’ एवढेच उरते. मशिदीचा मान त्याने वाढत नाही, फक्त माहिती कच्ची होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘पीपल’ गेले कुठे?

‘पीपल से दॅट सलीम स्टोल द मनी’ या वाक्यात कर्त्याच्या खुर्चीवर लोक बसले आहेत. वाक्य लोकांबद्दल आहे, ते काहीतरी म्हणत आहेत. ‘इट इज सेड दॅट सलीम स्टोल द मनी’ या वाक्यात लोक उठून गेले आणि खुर्चीवर ‘इट’ नावाचे कोणीतरी बसले. आणि ‘सलीम इज सेड टू हॅव स्टोलन द मनी’ या वाक्यात ‘इट’लाही उठवून सलीमला खुर्चीवर बसवले. तिन्ही वाक्यांत कृती एकच झालेली आहे, कोणीतरी काहीतरी म्हटले आहे. पण तिसऱ्यात वाचणाऱ्याची नजर सुरुवातीपासूनच सलीमवर खिळते. म्हणणाऱ्याचा पत्ता नाही, आणि ज्याने काही केले की नाही हेच ठरायचे आहे तो वाक्याचा नायक होऊन बसला. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एक अक्षर खोटे नाही. आम्हाला ही रचना शिकवताना नेहमी थोडी धास्ती वाटते, ती यासाठी.

गंमत अशी की ‘से’ या क्रियापदापुरते तर या रचनेला सरळ रूपच नाही. ‘दे बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट’ असे पुस्तकी इंग्रजीत चालते, पण ‘दे से हिम टू बी ऑनेस्ट’ चालत नाही. म्हणजे कर्तरी वाक्य उलटवून हे कर्मणी वाक्य बनले आहे, असेही म्हणता येत नाही. ते म्हणणाऱ्याशिवायच जगात आले आहे.

त्यातही क्रियापद कोणते निवडले आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘इज नोन टू’ सर्वांत पक्के, लिहिणारा स्वतः हमी घेतो. ‘इज अंडरस्टूड टू’ म्हणजे आतल्या कोणाकडून कळले आहे पण नाव सांगणार नाही. ‘बिलीव्ह्ड’ आणि ‘थॉट’ म्हणजे अंदाज आहे, त्याला काही आधार असावा. ‘रिपोर्टेड’ म्हणजे दुसऱ्या कोणी कळवले. ‘रूमर्ड’ म्हणजे उघड उघड अफवा. दुर्घटनेच्या बातमीत ‘फीअर्ड’ येते, ‘टेन फिशरमेन आर फीअर्ड टू हॅव ड्राउन्ड’, बुडाल्याची भीती आहे, अजून आशा सोडलेली नाही. आणि ‘अलेज्ड’ म्हणजे आरोप. आरोप एका पक्षाचा असतो आणि तो सिद्ध व्हायचा असतो. मराठी वर्तमानपत्रे याला ‘कथित’ म्हणतात. पण बातमी घरी येऊन चहाबरोबर सांगितली जाते तेव्हा हा ‘कथित’ कपातच राहतो.

मालेगावच्या लोकांना हे आम्ही सांगायला नको. ८ सप्टेंबर २००६ रोजी, जुम्म्याच्या नमाजनंतर, शबे-बरातच्या दिवशी तिथे बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. पुढे नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. त्या काळच्या इंग्रजी बातम्यांचा साचा हाच होता, ‘आर अलेज्ड टू हॅव प्लांटेड’, बॉम्ब ठेवल्याचा आरोप आहे. व्याकरण पाहा. ‘आर’ आजचे आहे आणि ‘टू हॅव प्लांटेड’ घडून गेलेले. आरोप आज चालू आहे आणि कृत्य मात्र झाल्यासारखे वाक्यात बसलेले आहे. मधला ‘अलेज्ड’ गळला की उरते ‘बॉम्ब ठेवले’. तो पुष्कळांच्या बोलण्यातून पहिल्याच आठवड्यात गळला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एक जण हयात नव्हता. त्यानंतर इंग्रजीत एवढाच बदल करायचा होता, ‘आर’च्या जागी ‘वेअर’. ‘वेअर अलेज्ड टू हॅव प्लांटेड.’ आरोप होता. त्या तीन अक्षरांसाठी त्या घरांना साडेनऊ वर्षे थांबावे लागले.

‘टू’च्या पुढचे क्रियापदही कोणीतरी निवडलेले असते, हे २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण पाहिले. टाळेबंदीत ठिकठिकाणी माणसे अडकली होती. मशिदींत थांबलेल्या तबलीगी जमातच्या लोकांसाठी ‘टू बी स्टेइंग’ म्हणता आले असते, ‘टू बी स्ट्रँडेड’ म्हणता आले असते. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळाले ते ‘टू बी हायडिंग’. राहिल्याचे, अडकल्याचे आणि लपल्याचे, या तिन्हींत ‘-ल्याचे’ आहे आणि तिन्हींत म्हणणारा अदृश्य आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि प्रसारमाध्यमांतून चाललेल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. शब्द परत घेता येत नाहीत, गुन्हे घेता आले.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मग ही रचना वाईटच. तसे नाही. एका ठिकाणी आपण सगळेच तिचा योग्य वापर करतो, आणि दरवर्षी करतो. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी फोन वाजू लागतात. अमुक गावी चाँद दिसला म्हणे. ‘द मून इज रिपोर्टेड टू हॅव बीन सायटेड.’ वाक्य अगदी बरोबर आहे, व्याकरणातही आणि प्रामाणिकपणातही. पण तेवढ्यावर ईद होत नाही. हिलाल कमिटी विचारते, कोणी पाहिला? किती जणांनी? ते शहादत द्यायला तयार आहेत का? घरी शेवया तयार असतात, मुले छतावर उड्या मारत असतात आणि सगळा मोहल्ला एका कर्त्याची वाट पाहत असतो.

ही सवय आपल्याकडे फार जुन्या शिस्तीतून आली आहे आणि त्या शिस्तीचा व्याकरणाशी थेट संबंध आहे. ज्यांची मुले मदरशात अरबी शिकतात त्यांनी ‘मारूफ’ आणि ‘मजहूल’ हे शब्द ऐकले असतील. ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिले, हे मारूफ. ‘कुतिबा’ म्हणजे लिहिले गेले, हे मजहूल. मजहूलचा अर्थच ‘अज्ञात’. करणारा कोण ते ठाऊक नाही, असे क्रियापद. आणि मजहूलमध्ये कर्त्याच्या जागी जो येऊन बसतो त्याला अरबी व्याकरण ‘नायब-ए-फाइल’ म्हणते, कर्त्याचा नायब. वरच्या सलीमची अवस्था याहून कमी शब्दांत सांगता यायची नाही. आता हदीसशास्त्राकडे या. ज्या रावीची ओळख किंवा चारित्र्य कळत नाही, त्यालाही ‘मजहूल’ रावीच म्हणतात. आणि अशा मजहूल रावीमुळे रिवायत कमकुवत ठरते. वैयाकरणी आणि मुहद्दिस या दोघांनीही न सांगितलेल्या माणसासाठी हा एकच शब्द वापरावा, हे आम्हाला लक्षणीय वाटते.

मुहद्दिसांनी तर रचनेलाच खूण बनवली. हदीस सांगताना ‘काला’, म्हणजे ‘फर्मावले’, असे सरळ रूप वापरले तर त्याला सीगा-ए-जज्म म्हणतात, खात्रीचे रूप. ‘रुविया’, म्हणजे ‘रिवायत केली गेली’, ‘युजकरु’, म्हणजे ‘सांगितले जाते’, ‘कीला’, म्हणजे ‘म्हटले गेले’, ही मजहूल रूपे वापरली तर तो सीगा-ए-तमरीज. तमरीज हा शब्द ‘मर्ज’वरून आला आहे. जणू सांगणाराच सुचवतो आहे की या सनदेची तब्येत ठीक नाही, जपून घ्या. इमाम नववी (रह.), ज्यांचे निधन हिजरी ६७६ म्हणजे इसवी सन १२७७ मध्ये झाले, त्यांनी ‘अल-मजमू’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हा नियम मांडला आहे आणि आपल्या काळच्या फकीहांबद्दल तक्रारही केली आहे. ते सहीह हदीसला ‘रिवायत केली गेली’ म्हणतात आणि जईफला ‘फर्मावले’ म्हणतात, हा ढिलेपणा नववींना खपत नव्हता. आज सकाळी सकाळी मोबाइलवर फिरणारे संदेश पाहिले तर तेही ‘फर्मावले’ याच शब्दाने सुरू होतात, खाली ना किताबाचे नाव, ना रावीचे.

मात्र या नियमाचा दुसरा भागही विसरू नये, नाहीतर मुले टोकाला जातात. इमाम बुखारी (रह.) यांच्या ‘सहीह’मध्ये काही रिवायती सनदेशिवाय नोंदल्या आहेत, काही खात्रीच्या रूपात आणि काही तमरीजच्या. हाफिज इब्न हजर (रह.) यांनी त्या सनदांचा शोध घेण्यासाठी ‘तगलीकुत-तालीक’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तमरीजच्या रूपातल्या सगळ्याच रिवायती जईफ नाहीत, असे त्यांनी दाखवले. कुठे हदीस संक्षेपाने दिली आहे, कुठे शब्दांऐवजी आशय सांगितला आहे, म्हणूनही ते रूप आले आहे. तेव्हा ‘इज सेड टू’ म्हणजे खोटे, असा अर्थ मुलांनी काढू नये. या वाक्याचा अर्थ फक्त एवढाच की लिहिणारा जामीन राहिलेला नाही. शोध घ्यायचे काम वाचणाऱ्यावर आले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आली की छाननी करण्याचा जो हुकूम आहे, तो अशाच वेळेसाठी. आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात ‘लोक असे म्हणतात’ या बोलीला माणसाची वाईट सवारी म्हटल्याची रिवायत आहे. त्याचा खुलासा शारिह असा करतात की प्रवासी जसा जनावरावर बसून हव्या त्या मुक्कामाला जातो, तसा काही माणसे ‘लोक म्हणतात’वर स्वार होऊन आपल्याला हवे ते बोलून घेतात.

परीक्षेकडे परत जाण्याआधी नकाराची एक गाठ सोडवू. ‘ही इज नॉट नोन टू हॅव एनी लिंक’ आणि ‘ही इज नोन टू हॅव नो लिंक’ ही दोन वाक्ये घाईत सारखी वाटतात. मराठीत ठेवून पाहा. ‘त्याचा संबंध असल्याचे आढळलेले नाही’ आणि ‘त्याचा संबंध नसल्याचे आढळले आहे’. पहिल्यात फाइल उघडी आहे, दुसऱ्यात बंद झाली. नोकरीच्या चौकशीत, पोलिसांच्या दाखल्यात, परदेशाच्या कागदपत्रांत असे वाक्य आले तर ‘नॉट’ कुठे बसला आहे ते बोट ठेवून वाचावे. कधी कधी एका माणसाची सगळी अब्रू त्या जागेवर टेकलेली असते.

बाकीचे थोडक्यात. ‘सपोज्ड टू’ला फसू नये. ‘यू आर सपोज्ड टू बी इन क्लास’ म्हणजे ‘तू वर्गात असल्याचे मानतात’ नव्हे, ‘तू वर्गात असायला हवे होतेस’. ‘एक्स्पेक्टेड टू’ पुढच्या काळासाठी येते आणि मराठीत त्याला ‘येण्याची अपेक्षा आहे’ किंवा ‘येणार असल्याचे समजते’ म्हणतात. ‘देअर’ही या खुर्चीवर बसू शकतो, ‘देअर इज सेड टू बी अ वेल बिहाइंड द मॉस्क’, मशिदीमागे विहीर असल्याचे सांगतात. ‘सजेस्ट’, ‘एक्स्प्लेन’, ‘मेन्शन’ ही क्रियापदे मात्र या साच्यात बसत नाहीत. तिथे ‘इट इज सजेस्टेड दॅट’ असेच लिहावे. आणि म्हणणारा माहीत असेल तर इंग्रजी त्याला परत आणू देते. ‘सलीम इज अलेज्ड बाय हिज पार्टनर टू हॅव स्टोलन द मनी’. ‘बाय हिज पार्टनर’ हे तीन शब्द आले की वाक्याचे रूपच पालटते. आता वाचणारा भागीदारालाही दोन प्रश्न विचारेल.

सरावासाठी पाच वाक्ये देत आहोत. मुलांनी ती ‘टू’च्या साच्यात करावीत आणि शेजारी ‘-ल्याचे’ लावून मराठीही लिहावी. ‘पीपल बिलीव्ह दॅट द ओल्ड मॅन इज अ हाफिज.’ ‘दे से दॅट शी टॉट इन धिस स्कूल फॉर थर्टी इयर्स.’ ‘पीपल थॉट दॅट द ब्रिज वॉज सेफ.’ ‘दे रिपोर्ट दॅट द मून हॅज बीन सायटेड.’ आणि पाचवे, ‘द नेबर्स से दॅट द बॉय ब्रोक द विंडो.’ या पाचव्याला दोन उत्तरे लिहायची आहेत, एक शेजाऱ्यांना वगळून आणि एक त्यांना ठेवून. उत्तरे पुढील अंकात, इन्शाअल्लाह. दुसऱ्या वाक्यात ‘टीच’चे तिसरे रूप लिहिताना स्पेलिंग सांभाळावे.